गर्दी वेगळी, गट वेगळा

1930च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या तळोदा तालुक्यात, मोरवडजवळच्या रंजनपूरचे गुलाम महाराज आदिवासींना आरतीला बोलावू लागले. दारू सोडा, चोरी करू नका, रोज आंघोळ करा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढाच त्यांचा उपदेश होता. सातपुड्याच्या पायथ्याशी हजारोंनी माणसे जमली आणि त्यांतल्या पुष्कळांनी खरोखरच दारू सोडली. 1938 मध्ये गुलाम महाराज वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे काम पुढे चालवले. त्यानंतर साधारण पस्तीस वर्षांनी, 1972-73च्या सुमारास, शेजारच्या शहादा तालुक्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांच्या आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीतून स्त्रियांची शिबिरे भरली. बाया नवऱ्याच्या दारूबद्दल आणि मारहाणीबद्दल एकमेकींसमोर बोलल्या आणि बोलून झाल्यावर तिथूनच उठून गावागावांत दारूची मडकी फोडत गेल्या. आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासातल्या या दोन घटनांतून मानसोपचारशास्त्राला महत्त्वाची वाटावी अशी एक गोष्ट दिसते. एकट्या माणसाला कितीही समजावून जे जमत नाही, ते त्याच्यासारख्याच दहाजणांच्या सोबतीने जमू शकते. पण याच घटनांमध्ये दुसरीही एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ज्या मुलखात हजारोंनी दारू सोडली होती, त्याच मुलखात एका पिढीनंतर दारू हाच बायांचा पहिला प्रश्न होता. समुदाय माणसाला निर्धार देतो. तो निर्धार टिकवायला आणि ज्या दुःखापोटी माणूस प्यायला लागतो त्या दुःखाशी भिडायला मात्र वेगळी रचना लागते. गटोपचार, म्हणजे ग्रुप थेरपी, ही ती रचना आहे. तिचे सारे बळ माणसे जमवण्यात नसून जमलेल्या थोड्या माणसांभोवती आखलेल्या मर्यादांमध्ये आहे, असे माझे म्हणणे आहे.

या उपचाराचा जन्म टंचाईतून झाला, हे आधी सांगायला हवे. 1905 साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांपुढे क्षयाचे गरीब रुग्ण होते. सॅनेटोरियमचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. प्रॅट यांनी त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावले. विश्रांती, मोकळी हवा, आहार यांचे नियम समजावायचे आणि प्रत्येकाने आणलेली रोजची नोंदवही तपासायची, एवढाच मूळ बेत होता. पण वजन वाढलेला रुग्ण सगळ्यांदेखत बोलू लागला की बाकीच्यांना उभारी येते, आणि एकाच रोगाचे सोबती असल्याने माणसे नियमही अधिक नेटाने पाळतात, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात हेच पुन्हा घडले. मनाने खचलेले सैनिक शेकड्यांनी येत होते आणि मनोविकारतज्ज्ञ मोजके होते. विल्फ्रेड बायन, एस. एच. फुल्क्स यांच्यासारख्यांनी तिथे गटाचे प्रयोग केले आणि त्यांतून एक पूर्ण विचारधारा उभी राहिली. मधल्या काळात व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या जेकब मोरेनो यांनी सायकोड्रामा, म्हणजे नाट्याच्या अंगाने चालणारा गटोपचार, रूढ केला होता. वेळ आणि पैसा वाचावा म्हणून जे सुरू झाले, त्यात एकट्याने बसून मिळत नाही असे काहीतरी आहे, हे चालवणाऱ्यांना मागाहून उमगले. ‘स्वस्तातला पर्याय’ हा शिक्का मात्र या पद्धतीवरून अजून पुसला गेलेला नाही.

तर गटात घडते काय? सहसा सात-आठ माणसे गोल बसतात. पाचापेक्षा कमी झाली की मार्गदर्शक एकेकाशीच बोलत राहतो, आणि दहाच्या वर गेली की काहींना लपायला जागा मिळते. जागा ठरलेली, वार ठरलेला, वेळ साधारण दीड तास. गटात घेण्याआधी मार्गदर्शक प्रत्येकाला एकट्याने भेटतो, त्याची अडचण समजून घेतो आणि नियम सांगतो. इथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. पिऊन यायचे नाही. गट सोडायचा असेल तर न सांगता नाहीसे व्हायचे नाही, येऊन सांगायचे. आपसात बाहेर काही घडले तर ते गटात आणायचे. ज्याला त्या घडीला भास होत आहेत किंवा ज्याच्या मनात जीव देण्याचा विचार तीव्र आहे, त्याला गटात बसवत नाहीत. त्याच्यावर आधी स्वतंत्र उपचार होतात. सुरुवातीच्या बैठकांत सगळे मार्गदर्शकाकडे तोंड करून बोलतात, कारण तो डॉक्टर आहे, उत्तर तोच देणार, असे सगळे धरून चालतात. त्याचे पहिले कौशल्य ही तोंडे एकमेकांकडे वळवण्यात आहे. समजा, एकजण म्हणाला, ‘घरात माझे कुणी ऐकत नाही.’ मार्गदर्शक त्यावर उत्तर देत नाही. तो शेजारच्याला विचारतो, ‘हे बोलत होते तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ आणि कदाचित शेजारचा चाचरत म्हणतो, ‘खरे सांगू? मला बोलायचे होते, पण हे थांबतच नाहीत.’ घरात काय घडत असेल, याची चुणूक त्या क्षणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, बोलणाऱ्याच्या स्वतःच्यासुद्धा. एकट्याने घेतलेल्या समुपदेशनात माणूस आपल्या वागण्याचे वर्णन करतो. गटात तो तसा वागतोच, आणि ते वागणे दुसऱ्याला कसे लागले हे त्याला तिथल्या तिथे कळते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गटोपचारातले गुणकारी घटक वेगळे करून दाखवले, आणि आजही प्रशिक्षणात त्यांचीच मांडणी आधाराला घेतात. सगळे घटक इथे उलगडण्याची गरज नाही. दोन-तीन मात्र आपल्या मुद्द्याच्या मुळाशी जाणारे आहेत. पहिला, आपण एकटेच असे नाही याचा उलगडा. नैराश्यातल्या माणसाला दुःखाइतकीच, कधी दुःखाहून जास्त, आपल्या वेगळेपणाची लाज जाळत असते. डॉक्टरने ‘असे अनेकांना होते’ म्हटल्याने ती लाज जात नाही. समोरची बाई ‘मलाही पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधडते’ म्हणाली की जाते. दुसरा घटक मला सर्वांत मोलाचा वाटतो. गटात रुग्ण हा देणाराही होतो. जो माणूस सावकार, मुकादम, सरकारी कचेरी आणि दवाखाना यांच्या दारात सदैव हात पसरून उभा असतो, त्याच्या एका वाक्याने दुसऱ्याला धीर येतो, हा त्याच्यासाठी औषधापेक्षा मोठा अनुभव असू शकतो. तिसरा, एकोपा. गटाची ओढ लागली, आपण न गेल्यास कुणाला तरी चुकल्यासारखे वाटेल असे वाटू लागले, की माणूस कडवट सत्यही ऐकून घेतो. मन मोकळे करणे, रडणे हे त्या मानाने दुय्यम आहे. नुसते रडून कुणी बरे होत नाही. रडल्यानंतर गटाने आपल्याला टाकले नाही, हा अनुभव बरे करतो. आणि सल्ला तर सर्वांत दुबळा. आपल्याकडे सल्ला देण्याची हौस दांडगी, त्यामुळे मराठी गटाच्या पहिल्या काही बैठका सल्ल्यातच वाहून जाणार हे गृहीत धरावे. सल्ले आटले की गट कामाला लागला असे समजावे.

इथे एक रास्त आक्षेप येतो, की यात नवे काय? पाड्यावरची बैठक, पंच, भजनी मंडळ, बचत गट, भगताच्या किंवा बडव्याच्या भोवती जमलेली माणसे, हे सगळे गटच आहेत. ते गट आहेतच, आणि त्यांच्यात आधार देण्याची ताकदही असते. पण पंच निवाडा करतात, चूक कुणाची हे ठरवतात. गटोपचारात निवाडा वर्ज्य आहे. भजनी मंडळात सगळे मिळून एकच म्हणतात; गटोपचारात प्रत्येकाचे वेगळे म्हणणे बाहेर यावे लागते. बचत गटात हप्ता थकवणारीवर दबाव येतो आणि तो त्या कामापुरता योग्यही असतो. गटोपचारात दबाव दिसला की तो थांबवून त्याच्याबद्दलच बोलायचे असते. जमलेल्या माणसांचे बळ दोन्ही बाजूंनी चालते, याचा पुरावा सातपुड्यात शोधावा लागत नाही. एखाद्या बाईला डाकीण ठरवणे हे कधीच एकट्याचे काम नसते. आजार, मृत्यू, मेलेले ढोर, या सगळ्यांचा दोष एका बाईवर ढकलून जेव्हा पाडा एक होतो, तेव्हा त्या पाड्यात एकोपा भरपूर असतो. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज अशा एकोप्यामुळेच पडते. म्हणून ‘लोकांना एकत्र आणा, आपोआप बरे वाटेल’ हा भाबडेपणा आहे. गटाला बळीचा बकरा हवासा वाटतो ही गोष्ट गटोपचाराच्या अभ्यासकांना पहिल्यापासून ठाऊक आहे. सगळे मिळून एकावर उलटले की मार्गदर्शकाने मध्ये उभे राहायचे, हे त्याला शिकवलेले असते. पंच, भगत किंवा बचत गटाची अध्यक्ष यांच्याकडून तशी अपेक्षा कुणी केलेली नसते.

ही भीती पुस्तकी नाही. लिबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेला ‘एन्काउंटर ग्रुप’चा अभ्यास 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. मन मोकळे करण्याच्या त्या काळच्या लाटेत असे गट फोफावले होते. या अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी सुमारे 8 टक्क्यांना गटामुळे टिकाऊ मानसिक इजा झाली होती. आक्रमक, झपाटून टाकणारा, माणसाची कवचे ओढून काढणारा नेता जिथे होता तिथे इजा जास्त होती. म्हणजे करिष्मा ही चळवळीत जमेची बाजू असली तरी गटोपचारात ती जोखीम ठरते. महाराज किंवा नेता माणसांना आपल्याकडे खेचतो. मार्गदर्शकाला स्वतःकडे आलेली माणसे एकमेकांकडे सोपवायची असतात, आणि हे शिकायला वेळ लागतो.

मग पुरावा काय सांगतो? 2016 मध्ये बर्लिंगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वैयक्तिक आणि गटातले उपचार समोरासमोर ताडून पाहणारे 67 अभ्यास एकत्र तपासले. उपचार सारखाच असेल तर परिणामात म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. स्वस्त म्हणजे हलके, हा शिक्का इथे गळून पडायला हवा. पण हे अभ्यास बहुतांशी श्रीमंत देशांतले. नंदुरबारच्या दृष्टीने युगांडाच्या दक्षिणेकडील खेड्यांतला प्रयोग जास्त बोलका आहे. एड्सने पोखरलेल्या त्या भागात पॉल बोल्टन आणि सहकाऱ्यांनी 30 गावे निवडली, त्यांतल्या निम्म्यांत पुरुष आणि निम्म्यांत स्त्रिया निवडल्या, आणि प्रत्यक्ष गट काही गावांतच चालवून बाकीची गावे तुलनेसाठी ठेवली. तिथली माणसे खिन्नतेचे वर्णन कोणत्या शब्दांत करतात हे आधी विचारले आणि त्यावर प्रश्नावली बेतली. गट चालवणारे डॉक्टर नव्हते. ती तिथलीच, तिथली भाषा बोलणारी माणसे होती आणि त्यांना दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेले होते. आठवड्यातून एकदा दीड तास, अशा 16 बैठका झाल्या. सुरुवातीला दोन्हीकडच्या गावांत, निवडलेल्यांपैकी दहात साधारण नऊजण तीव्र नैराश्याच्या निकषात बसत होते. शेवटी गट चाललेल्या गावांत हे प्रमाण 6.5 टक्क्यांवर आले, तर गट नसलेल्या गावांत ते 54.7 टक्के राहिले. 2003 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीची हस्तपुस्तिका काढली.

त्याहून जवळचा पुरावा झारखंड-ओडिशाचा आहे. ‘एकजुट’ या संस्थेने तिथल्या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत स्त्रियांचे गट चालवले. त्यांचा हेतू मनोविकाराचा नव्हता, नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्याचा होता. महिन्याला एक बैठक होई. बाया चित्रे, गोष्टी, खेळ यांतून आपल्या अडचणी ओळखत आणि त्यांवर स्वतःच उपाय ठरवत. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नवजात मृत्युदर 32 टक्क्यांनी घटला. मातांच्या नैराश्यावर एकूण तीन वर्षांचा मिळून ठोस परिणाम दिसला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र मध्यम नैराश्य 57 टक्क्यांनी कमी आढळले. हा तपशील झाकून ठेवण्यात अर्थ नाही, उलट तो मुद्द्याचा आहे. गटाला मुरायला काळ लागतो. एका दिवसाची शिबिरे घेऊन ‘मानसिक आरोग्य जागृती’ झाल्याचे फोटो काढणाऱ्यांनी हा तपशील भिंतीवर लावून ठेवावा.

महाराष्ट्रात गटोपचार सर्वांत जास्त रुजला तो व्यसनमुक्तीत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेली चळवळ आपल्याकडे शहरांत आणि तालुक्यांत पोहोचली. तिथे मार्गदर्शक नसतो, बरे झालेले आणि बरे होऊ पाहणारे एवढेच असतात, त्यामुळे तिला काटेकोरपणे उपचार म्हणता येत नाही. तरीही 2020च्या कॉक्रेन आढाव्यात, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ती पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरली. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गट हा दिनक्रमाचाच भाग आहे. व्यसनी माणूस बाहेरून आलेल्या सभ्य माणसाला सहज फसवतो. स्वतः तीच सोंगे वठवून बसलेल्यांना फसवणे त्याला जमत नाही. मुक्तांगणचा रुग्णांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ हा गट मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण दारूने आजारी पडलेली पण कधीच रुग्ण म्हणून न मोजली गेलेली बाई तिथे स्वतःसाठी बसते. शहाद्याच्या शिबिरात बोललेल्या बायांना चळवळीने मडकी फोडण्याची ताकद दिली. त्यानंतरच्या रोजच्या रात्रींसाठी अशा गटाची गरज होती.

आता नंदुरबारचा हिशेब मांडू. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तीत सुमारे 69 टक्के अनुसूचित जमातींचे लोक होते. देशभराची सरासरी धरली तर लाखामागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ येत नाही. ते बहुतांशी मोठ्या शहरांत असतात. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे, म्हणजे जिल्ह्यातल्या धडगावच्या माणसासाठी सगळीच परमुलखात. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये मनोविकाराचे प्रमाण 10.6 टक्के आढळले. त्यात महाराष्ट्र नव्हता, म्हणून हा आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण जिल्ह्यात दहा लाख प्रौढ धरले आणि प्रमाण याच्या निम्मे मानले तरी पन्नास हजार माणसे होतात. त्यांना एकेकाला तासभर देणारे तज्ज्ञ कोणत्याही अंदाजपत्रकात बसणार नाहीत. टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकाचा उपयोग आहे, पण पावरी किंवा मावची बोलणारी, हातात स्वतःचा फोन नसलेली बाई त्यावर कितपत बोलेल?

म्हणून पाड्यावरचा गट हाच मार्ग उरतो. त्यावरच्या आक्षेपांत गुप्ततेचा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे. मुंबईतल्या गटात आठ अनोळखी माणसे भेटतात आणि आपापल्या लोकलने घरी जातात. पाड्यावर आठातले पाच एकमेकांचे नातलग असतात. ‘इथले बाहेर न्यायचे नाही’ हा नियम तिथे सासू-सुनेला एकाच गटात बसवून पाळता येणार नाही. याचे उत्तर बांधणीत आहे. बायांचे आणि पुरुषांचे गट वेगळे ठेवायचे, एका कुटुंबातली दोन माणसे एका गटात घ्यायची नाहीत, दोन-तीन पाड्यांची माणसे मिळून गट करायचा. आणि काय सांगायचे, किती सांगायचे, हा हक्क प्रत्येकाकडे राहू द्यायचा. दुःखाबद्दल बोलायला त्याचा सगळा तपशील उघड करावा लागत नाही. शिवाय पाड्यावर कुणाच्या घरी काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊकच असते. गुपित असते ते घटनेचे नव्हे, त्या घटनेने माणसाचे काय झाले याचे.

दुसरा आक्षेप पोटाचा. सरदार सरोवर धरणाने ज्यांची गावे बुडवली, ज्यांना दरवर्षी ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जावे लागते, त्यांना गोल बसवून भावनांबद्दल बोलायला लावणे ही थट्टा नाही का? वन हक्काचा दावा बोलून मंजूर होत नाही हे खरे. अन्यायाला आजाराचे नाव देऊन गप्प बसवण्याचे काम मानसोपचाराने केले, तर त्याला हाकलून द्यावे. पण नैराश्याने ग्रासलेला माणूस दावाही दाखल करत नाही, मोर्चालाही जात नाही, शेतावर सुद्धा जात नाही. युगांडातल्या गटांचे सगळे काम मृत्यू, भांडण, आयुष्यातले मोठे बदल अशा खऱ्या घटनांभोवती फिरत होते. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे निवडायला गटाने मदत केली, तर जे हातात आहे त्यासाठी लढायची ताकदही वाढते. एकजुटच्या बायांनी तेच केले.

खरी अडचण यापेक्षा साधी आहे: कॅलेंडर. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की अर्धा पाडा रिकामा होतो, होळीला काही परततात, बाकीचे हंगाम संपल्यावर. मध्येच सुरू केलेला गट फुटणार, आणि फुटलेला गट माणसाला पुन्हा एकदा टाकून दिल्याचा अनुभव देतो. जूनच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत मात्र सोळा आठवडे सहज मिळतात. तेव्हा निंदणी-लावणीची घाई असते, म्हणून बैठक संध्याकाळची ठेवावी लागेल. त्याच महिन्यांत धडगावच्या अक्राणी तालुक्यात नाल्यांना पूर येऊन वाटा तुटतात, तेव्हा तालुक्याहून येणाऱ्या समुपदेशकावर गट अवलंबून ठेवता येणार नाही. गट चालवणारी व्यक्ती त्याच बाजूची हवी, आशाताई किंवा दहावी-बारावी झालेली पाड्यातली मुलगी. तिला दोन-तीन आठवड्यांचे प्रशिक्षण, कामाचे मानधन, आणि महिन्यातून एकदा अनुभवी माणसाशी बसून आपल्या गटाबद्दल बोलायची सोय लागेल. तिलाही ऐकलेल्याचे ओझे होते. जीव देण्याची भाषा कुणी केली, भास होऊ लागले, किंवा मारहाण जिवावर बेतते असे दिसले, तर कुठे फोन करायचा आणि गाडी कुठून मिळवायची हे तिला पहिल्या बैठकीच्या आधी माहीत असले पाहिजे.